नऊ वाजताच्या नऊ गोळ्या

सकाळचे नऊ वाजले की घड्याळजींच्या घरात तीन गोष्टी एकदम होत. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके पडत, घड्याळजी गोळ्यांच्या ट्रेचं झाकण उघडत आणि फोन वाजे. फोनवर त्यांची थोरली बहीण असे. ती हॅलो म्हणत नसे, बरा आहेस का असंही विचारत नसे. थेट मुद्द्यालाच हात घाली.

"माझी कशी आहे?"

"तुझी मजेत आहे, ताई."

"पाणी पाजलंस तिला?"

"दोन पेले झाले."

"दोनच? माझ्याकडे होती तेव्हा नवापर्यंत तिचे चार व्हायचे, धाकट्या."

ही चौकशी किडनीची होती. आठ महिन्यांपूर्वी ताईने आपली डावी किडनी धाकट्या भावाला दिली होती. दिली ती अगदी मनापासून दिली. उपकाराचा एक शब्द कधी तोंडातून काढला नाही. फक्त आपण ती देऊन टाकली आहे हे तिच्या अजून गळी उतरलं नव्हतं. मुलीला वसतिगृहात ठेवलेली आई जशी रोज खुशाली विचारते, तशी ती विचारत असे, आणि तिथल्या व्यवस्थेवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

ऑपरेशननंतर घरी सोडताना किडनीच्या डॉक्टरांनी चौघांना समोर बसवून समजावलं होतं. चौघं म्हणजे घड्याळजी, त्यांची बायको, ताई आणि घड्याळजींची लेक. लेकीला घरात 'बारकी' म्हणत, जरी माळ्यावरचा डबा काढताना स्टूल न घेता हात पोचणारी घरात ती एकटीच होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "शरीराला ही किडनी परकी वाटणार. आतले पहारेकरी तिला हाकलायला बघणार. या गोळ्या त्या पहारेकऱ्यांना पेंगुळलेलं ठेवतात. सकाळी नऊ, रात्री नऊ, जन्मभर. आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काहीही पोटात घालायचं नाही." चौघांनी माना डोलावल्या होत्या. मान डोलावताना प्रत्येकाला वाटत होतं की हे बाकीच्या तिघांना सांगितलं ते बरं झालं.

घड्याळजींचा धंदा मनगटी घड्याळं दुरुस्त करण्याचा. त्यामुळे गोळ्यांचीही त्यांनी दुकानाच्या पद्धतीने व्यवस्था लावली. दुकानातला खणांचा एक लाकडी ट्रे धुऊनपुसून घरी आणला. चौदा खण, सात सकाळचे, सात रात्रीचे. त्यांच्या धंद्यातला नियम साधा होता: उघडलेल्या घड्याळाचे भाग खणात ठेवायचे, आणि खणात जे आहे ते त्याच घड्याळाचं. जोडून झाल्यावर एकही भाग कमी पडता कामा नये, एकही जास्त होता कामा नये. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक स्क्रू जास्त झाला नव्हता. सकाळच्या खणात पाच गोळ्या, रात्रीच्या खणात तीन. ट्रे भरण्याचं काम त्यांनी बायकोकडे सोपवलं, कारण भरणारा आणि गिळणारा एकच असला की चूक सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं अगदी बिनतोड होतं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

एका शनिवारी घड्याळजी जिना चढताना मधल्या मजल्यावर बसले. बायकोने मागे वळून पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. बुटाची नाडी बांधतोय."

त्यांच्या पायात चपला होत्या. दुसऱ्या दिवशी बायको कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि एक बाटली घेऊन आली. बाटलीवर दंड फुगवलेल्या एका माणसाचं चित्र होतं आणि 'प्रतिकारशक्ती दुप्पट' असं लिहिलं होतं. डॉक्टरांचं वाक्य तिला आठवलं नाही असं नाही. पण डॉक्टर औषधांबद्दल बोलल्या होत्या, आणि हे काही औषध नव्हतं, जीवनसत्त्व होतं. जीवनसत्त्वाला कुणाची परवानगी कशाला? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने दहा प्रश्न विचारले असते. म्हणून तिने बाटली शिवणाच्या डब्यात लपवली आणि आठवड्याच्या सातही सकाळच्या खणांत एकेक केशरी गोळी गुपचूप टाकली.

सोमवारी नवाला घड्याळजींनी खण उघडला. सहा गोळ्या होत्या. पापणीच्या केसाएवढी स्प्रिंग वाकडी झालेली ओळखणारा माणूस तो. पाचाच्या सहा झालेल्या त्याला दिसल्या नसत्या तर नवल. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांना शुक्रवार आठवला. शुक्रवारी तपासणी झाल्यावर बायको "माझी छत्री राहिली" म्हणून डॉक्टरांच्या खोलीत परत गेली होती. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात छत्री नव्हती.

छत्री घरीच होती. बायकोने खुर्च्यांखाली शोध शोध शोधली, मग तिला आठवलं की आज आपण छत्री आणलीच नव्हती, आणि ओशाळून ती तशीच बाहेर आली. पण घड्याळजींना हे कुठून कळणार? त्यांनी सरळ हिशेब मांडला: डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं, काहीतरी सांगितलं, आणि एक गोळी वाढवली. आपल्याला सांगायचं तिच्या जिवावर येत असणार. विचारून तिला आणखी कशाला रडवा? त्यांनी सहाही गोळ्या गिळल्या.

तेवढ्यात फोन आला. "माझी कशी आहे?"

"मजेत," ते म्हणाले. पण रोजच्यापेक्षा अर्धा क्षण उशिरा म्हणाले.

तो अर्धा क्षण ताईने हेरला आणि बुधवारी ती स्वतः हजर झाली. भाऊ अंघोळीला गेला, वहिनी स्वयंपाकघरात होती, आणि ताईने ट्रेची झडती घेतली. सहा! पाच होत्या त्या सहा झाल्या, म्हणजे डॉक्टरांनी वाढवल्या. म्हणजे तिचं काहीतरी बिनसलं. आणि ज्या बाईची ती मुळात होती, तिला कुणी कळवायचीही तसदी घेतली नव्हती.

"सगळं ठीक आहे ना रे?" भाऊ टॉवेलने डोकं पुसत आला तेव्हा तिने विचारलं.

"ठीक! एकदम ठीक! न ठीक असायला काय झालं?"

इतकं ठीक कोणीच नसतं. ताई उठली, आपल्या पर्समधून लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि भाऊ शर्ट घालायला आत गेल्यावर उरलेल्या दिवसांच्या खणांत एकेक टाकली. ती स्वतः या गोळ्या कित्येक वर्षं घेत होती. तिचा विचार असा की माझ्याकडे होती तेव्हा तिला रोज लोह मिळायचं. इथे येऊन एकदम बंद झालं, मग रोडावणार नाही तर काय? उरलेली पट्टी तिने कपाटातल्या औषधांच्या खणात ठेवून दिली. आपण कुणाची लबाडी केली असं तिला मुळीच वाटलं नाही, उलट मुलीला डबा पोचवून आल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

गुरुवारी सात. घड्याळजी खणाकडे बराच वेळ बघत राहिले. चार दिवसांत दुसरी गोळी वाढली होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती तव्याकडे बघत होती. किती खंबीर बाई, त्यांना वाटलं, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.

ती खंबीर बाई त्याच संध्याकाळी औषधांचा खण आवरत होती, तेव्हा तिच्या हाताला लोहाची पट्टी लागली. ही आपण आणली नाही. मग यांनीच आणली असणार. म्हणजे हे आपल्याला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आले! कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या यादीत ती नव्हती, पण यादी जुनी होती. बायको तिथेच पाटावर बसली. लपवतात म्हणजे गोष्ट साधी नाही. पुढच्या रविवारी तिने ट्रे भरला तेव्हा डॉक्टरांच्या पाच, आपली एक आणि 'त्यांची' एक अशा सात गोळ्या मुकाट्याने भरल्या, आणि डोळे पुसत झाकण लावलं.

इथून पुढे घरात कमालीचा समंजसपणा सुरू झाला. आणि समंजसपणा एकदा घरात शिरला की कुणी कुणाला काही विचारत नाही.

घड्याळजींनी आवराआवर करायला घेतली. दुकानात दुरुस्त होऊन पडलेली एक्केचाळीस घड्याळं होती, ज्यांचे मालक फिरकले नव्हते. त्यांनी एकेकाला फोन करून बोलावलं. एका दुपारी ते बायकोला जिन्याखाली घेऊन गेले.

"हा विजेचा मेन स्विच. आणि हा पाण्याचा कॉक. डावीकडे बंद."

"हे मला कशाला दाखवताय?"

"असू दे. माहीत असलेलं बरं."

बायको वर गेली, न्हाणीघरात शिरली आणि नळ पूर्ण सोडून दहा मिनिटं आतच राहिली. तिकडे घड्याळजी जिन्याखाली उभे होते आणि त्यांना नळाचा आवाज ऐकू येत होता. त्यांना फार वाईट वाटलं. ही बाई एकतीस वर्षं आपल्याबरोबर राहिली, आणि आपण तिला साधा कॉक कुठे आहे हेही कधी दाखवलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी त्यांनी ताईच्या हातात वडिलांचं गजराचं घड्याळ ठेवलं. या घड्याळावरून भावाबहिणीचं बावीस वर्षं भांडण होतं. वडील जाताना ते मला देतो म्हणाले, असं दोघांचंही म्हणणं होतं, आणि वडिलांनी दोघांनाही तसं सांगितलं असण्याची दाट शक्यता होती. घड्याळजींनी ते 'दुरुस्तीला' म्हणून दुकानात नेलं, ते बावीस वर्षं दुरुस्तच होत होतं.

"घे. तुझ्याचकडे असायला हवं," ते म्हणाले.

"अरे, पण तू तर म्हणायचास..."

"मी खोटं बोलायचो, ताई. बाबा तुलाच म्हणाले होते."

ताईला भांडायला काही जागाच उरली नाही, आणि त्यामुळे ती खरी हादरली. बावीस वर्षांत भावाने एवढीशी माघार घेतली नव्हती. ती घड्याळ छातीशी धरून निघाली, आणि जिन्यात तिला बारकी भेटली.

"आत्या, काय झालं? रडतेस का?"

"काही नाही गं. डोळ्यात गेलंय काहीतरी," आत्या म्हणाली आणि दोन्ही डोळे पुसत खाली उतरली.

बारकी वर आली. आई न्हाणीघरात, नळ चालू. बाबा खिडकीपाशी, गप्प. ट्रे उघडून तिने मोजलं तर सात गोळ्या. तिला पाच माहीत होत्या. बारकी हुशार मुलगी. सगळ्या खुणा जोडून तिने दोन मिनिटांत चुकीचं उत्तर काढलं. त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कचेरीतून बोलावणं आलं होतं. नकाशे काढायचं काम, जे तिला शाळेपासून करायचं होतं. घरी सांगायला ती योग्य वेळेची वाट बघत होती. त्या संध्याकाळी तिने त्यांना लिहून टाकलं की घरच्या अडचणीमुळे मला तीन महिने येता येणार नाही, आणि थांबता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला घ्यावं. मग ती कोपऱ्यावरच्या त्याच दुकानात गेली आणि मन प्रसन्न ठेवणाऱ्या वनस्पतीच्या हिरव्या कॅप्सूल घेऊन आली. बाबांना उदास बघवत नव्हतं. वनस्पतीच ती, तिने काय होणार? रोज सकाळी कामाला निघताना ती एक कॅप्सूल त्या दिवसाच्या खणात टाकू लागली.

आठ. घड्याळजींना आता खरोखरच थकवा जाणवू लागला होता. आपले दिवस भरत आले अशी खात्री झालेल्या कुठल्याही माणसाला तो जाणवला असता. पण घरच्यांना तो दिसता कामा नये, बिचारे आधीच किती सोसताहेत! म्हणून तेही कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

"तरतरीत वाटेल असं काही आहे का?"

"क जीवनसत्त्व. मोठा डोस. किती देऊ?" दुकानदाराने एवढंच विचारलं. एका महिन्यात एकाच घरातलं हे तिसरं गिऱ्हाईक आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

ट्रेच्या बाहेरचं काही तोंडात टाकणं घड्याळजींच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून ती मोठी पिवळी गोळी त्यांनी आधी शिस्तीत खणात ठेवली, आणि मग खणातून काढून घेतली. नऊ वाजता नऊ गोळ्या. पोटात जळजळ होई, पण जळजळ म्हणजे औषध लागू पडतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दोन आठवड्यांनी नेहमीची रक्ततपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खुद्द डॉक्टरांचाच फोन दुकानात आला.

"रक्तातली औषधाची पातळी खूप खाली आलीय. गोळ्या चुकवताय का?"

"एकही नाही, डॉक्टर. उलट तुम्ही वाढवलेल्यासुद्धा सगळ्या घेतोय."

"मी काय वाढवलंय?"

"त्या चार... म्हणजे तीन तुमच्या, आणि एक..."

"मी एकही गोळी वाढवलेली नाही. उद्या सकाळी या. नवाची गोळी घेऊ नका, आधी रक्त घेऊ. तो ट्रे आणा, घरातल्या बाटल्या, पट्ट्या, काय असेल ते आणा. आणि घरातल्या सगळ्यांना आणा." जरा थांबून त्या म्हणाल्या, "बहिणीलाही."

घड्याळजींनी फोन ठेवला. समोर एका घड्याळाचं पोट उघडं होतं आणि खणात त्याचे बावीस भाग होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काम अर्धवट टाकून दुकान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत चौघं ओळीने बसले. रक्त देऊन झालं होतं. डॉक्टरांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, ट्रेमधला त्या दिवसाचा खण त्यावर उपडा केला आणि पेनच्या मागच्या टोकाने पाच गोळ्या एका बाजूला सारल्या.

"या माझ्या. पहिली गोष्ट, यांतल्या दोन तरी पाकिटातून काढून अशा उघड्या ठेवायच्या नाहीत, घ्यायच्या वेळीच काढायच्या. ते नंतर बोलू." त्यांनी उरलेल्या चार गोळ्या मधोमध आणल्या. "या कुणाच्या?"

बायकोने घसा साफ केला.

"ती केशरी माझी."

"तुझी?" घड्याळजी उडालेच. "म्हणजे डॉक्टरांनी तुला त्या दिवशी आत बोलावून..."

"कोणत्या दिवशी?"

"छत्रीच्या!"

"अहो, छत्री मी आणलीच नव्हती! तुम्ही जिन्यात चपलांची नाडी बांधत बसलात म्हणून मी ती गोळी..." ती मधेच थांबली. "मग ती लोहाची तुम्ही कशाला आणली?"

"मी? मी नाही आणली."

"मी आणली," ताई ताठ बसत म्हणाली. "सहा गोळ्या पाहिल्या आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मला कुणी काही सांगितलं नाही. तिला लोहाची सवय होती, डॉक्टर. तुम्हीच सांगा, एकदम बंद करून चालतं?"

"सहावी माझी होती, वन्सं!"

"ते मला कुठे माहीत!"

"हिरवी माझी," बारकी हळूच म्हणाली. "बाबा बोलेनासे झाले होते."

"मी बोलेनासा झालो कारण सात झाल्या!" घड्याळजींचा आवाज चढला. "अरे, काय चाललंय काय हे? माझ्या खणात ज्याने त्याने यावं आणि हवं ते टाकून जावं? तुम्हाला काय वाटलं, मी..." आणि मग त्यांची नजर कागदावर गेली. मोठी पिवळी गोळी अजून एकटी पडली होती. चौघांनीही तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

"आणि ही?" डॉक्टरांनी विचारलं.

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ती... ती माझी," ते म्हणाले.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेनच्या टोकाने एकेक गोळी पुढे ढकलली. "ही केशरी. मी रोज पहारेकऱ्यांना झोपवते आणि ही त्यांना गदागदा हलवते, म्हणजे बाटलीवर लिहिलंय ते खरं असेल तर. ही लोहाची, त्याच वेळी घेतली की माझी एक गोळी पोटात नीट शोषली न जाण्याची शक्यता. ही पिवळी, एवढ्या मोठ्या डोसात रोज घेतली तर किडनीवरच ताण. आणि ही हिरवी." त्या बारकीकडे वळल्या. "अशा वनस्पतीच्या गोळीने आमचं औषध शरीरातून भराभर संपतं. पातळी पडली ती बहुतेक हिच्यामुळे."

बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. "पण ती तर वनस्पतीची होती."

"पोट पाटी वाचत नाही, बाळ. त्याच्या लेखी सगळं सारखंच. जीवनसत्त्वं वाईट नाहीत, काही तर मी स्वतः देते. पण कुठली, किती आणि कितीच्या ठोक्याला, ते बघून देते." मग त्या घड्याळजींना म्हणाल्या, "तुमच्या दुकानात कुणी येऊन उघड्या घड्याळात आपल्या मनाने एक चाक टाकून गेलं तर?"

"दुकानात पाऊल टाकू देणार नाही मी त्याला," घड्याळजी म्हणाले आणि मान खाली घातली. एकतीस वर्षांत एक स्क्रू जास्त न झालेला माणूस रोज चार भाग जास्त गिळत होता आणि एकदाही विचारत नव्हता. विचारायला एक वाक्य पुरलं असतं.

ताईने विचारलं, आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "तिला काही झालंय का?"

"आज रक्त घेतलंय. आतून थोडा त्रास सुरू झाल्यासारखं वाटतंय. बहुतेक सावरेल. पण पक्कं आठवड्याने सांगेन."

"म्हणजे मीच दिली आणि मीच तिला..." ताईने पर्सचा बंद घट्ट धरला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दिलीत, ताई. फार मोठं दिलंत. पण आता ती तिकडची आहे. तुमच्या सवयी तिला लावू नका. तिची नाही, यांची चौकशी करा."

तो आठवडा कसा गेला ते चौघांनाच माहीत. ट्रे दुकानात परत गेला. गोळ्या आपापल्या पाकिटांत राहिल्या आणि डॉक्टरांची नवी यादी स्वयंपाकघरात, दुकानात, बारकीच्या टेबलावर आणि ताईच्या घरी अशी चार ठिकाणी लागली. सकाळी नऊला बायको वाचायची, घड्याळजी पाकिटातून काढायचे आणि दोघं मिळून मोजायचे. एका संध्याकाळी बारकीने त्या कचेरीच्या पत्राचं सांगितलं. घड्याळजी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता त्यांना लिही, बाबांना काही झालेलं नाही, बाबा फक्त मूर्ख आहेत." बारकीने जवळजवळ तसंच लिहिलं. कचेरी थांबायला तयार होती.

त्या आठवड्यात ताईचा मात्र एकदाही फोन आला नाही. नऊला ठोके पडत, आणि घड्याळजी हातात पाणी धरून फोनकडे बघत. तो वाजत नसे. इतके महिने ज्या प्रश्नाचा त्यांना वैताग होता, त्यावाचून त्यांना गोळी गिळता येईना. एक दिवस त्यांनीच फोन उचलला आणि परत ठेवला. काय सांगणार होते ते तिला?

आठव्या दिवशी निकाल आला. पातळी जागेवर होती, किडनी सावरली होती. शिवाय ड जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, आठवड्यातून एकदा, दुपारी, बाकीच्यांपासून लांब. ती घरात आली तेव्हा बायको आणि बारकी यांनी चिठ्ठीवरची सही तीनदा तपासली आणि मगच तिला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला फोन वाजला. घड्याळजींनी झडप घातली. पलीकडे कुणी बोललं नाही. फक्त एक जुना, घोगरा गजर वाजत होता, वडिलांच्या घड्याळाचा. ताईने तो नऊचा लावला होता. तो थांबेपर्यंत दोघं ऐकत राहिली.

"तू कसा आहेस?" ताईने विचारलं.

हा प्रश्न तिने इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारला होता. घड्याळजींनी हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं.

"पाच," ते म्हणाले.

"मोजून?"

"मोजून. दोघांनी." मग त्यांना जरा धीर आला. "ताई, ते गजराचं घड्याळ... म्हणजे मी तेव्हा जरा वेगळ्या विचारात होतो. आता तसं काही नाही म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर काय?"

"म्हणजे बाबा मलाच म्हणाले होते."

"धाकट्या," ताई म्हणाली, आणि तिचा जुना आवाज परत आला होता, "दिलेली वस्तू मी तुझ्याकडे परत मागितली का?"

घड्याळजींनी पोटाच्या उजव्या बाजूला, ताईची किडनी बसवली होती तिथे, हात ठेवला. "नाही," ते म्हणाले, आणि गोळ्या घेऊन वरून दोन पेले पाणी प्यायले.